वस्तरा, पट्टा आणि रोजचं वाचन



आज श्रावण वद्य द्वादशी, संत सेना महाराजांची पुण्यतिथी. आणि आपल्या कठोपनिषदाच्या वाचनात आज नेमका पहिल्या अध्यायातल्या तिसऱ्या वल्लीचा चौदावा मंत्र आलाय. या मंत्राचा पहिला अर्धा भाग स्वामी विवेकानंदांमुळे शाळांच्या भिंतींवर जाऊन पोचला. दुसऱ्या अर्ध्या भागाकडे मात्र फारसं कुणी वळत नाही. तिथे वस्तरा आहे. आत्मज्ञानाच्या वाटेला तिथे वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली आहे. (सॉमरसेट मॉमची 1944 सालची गाजलेली कादंबरी आहे ना, 'द रेझर्स एज', तिचं नाव इथूनच आलंय.)

वस्तऱ्याचा मंत्र आणि वस्तरा चालवणारा संत एकाच दिवशी वाट्याला आले, तर त्यावर लिहायलाच हवं. आजचं चिंतन नेहमीपेक्षा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी एक प्रश्न. माझा नाही, एका मित्राचा. हिंजवडीत नोकरी करतो, गेलं वर्षभर रोज सकाळी हरिपाठ म्हणतो. गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला: "खरं सांगू? तीन महिने झाले, काहीच वाटत नाही. तोंड चालतं, मन स्प्रिंटमध्ये असतं. हे ढोंग नाही का? देवाला फसवण्यापेक्षा बंद केलेलं बरं."

हा प्रश्न आळशी माणसाचा नाही. आळशी माणूस न विचारताच बंद करतो. हा प्रामाणिक माणसाचा प्रश्न आहे, आणि म्हणून त्याला "करत राहा, हळूहळू वाटायला लागेल" असं उत्तर द्यायला माझं मन होत नाही. वाटायला लागेलच, अशी हमी कुठल्याच ग्रंथाने दिलेली मला दिसलेली नाही. समजा दहा वर्षं काहीच वाटलं नाही, तर? तरी ते करण्यात अर्थ आहे का, हा खरा प्रश्न.

आता मंत्राकडे येऊ. धारेला तिथे एक विशेषण आहे: निशित. आपण मराठीत वाचताना त्याचा अर्थ 'तीक्ष्ण' असा घेतो आणि पुढे सरकतो. पण शब्द नीट पाहिला तर तो नुसता 'तीक्ष्ण' नाही. तो 'तीक्ष्ण केलेली' असा आहे. शंकराचार्यांनी भाष्यात अर्थही तसाच दिलाय. म्हणजे धार ही वस्तऱ्याला जन्मतः मिळालेली गोष्ट नव्हे. कुणीतरी बसून ती आणली आहे. आणि ज्याने कधी खरा वस्तरा वापरलाय त्याला हेही माहीत असतं, की एकदा आणलेली धार राहत नाही. रोज तिच्याकडे पाहावं लागतं.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. बाबांकडून कळलं.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. लग्नाच्या आधीपासून ते दुमडायच्या वस्तऱ्यानेच दाढी करायचे. घरात आम्हा सगळ्यांची सेफ्टी रेझर, मग कार्ट्रिज, मग ट्रिमर अशी प्रगती झाली. बाबांचा तो सोलिंगनचा वस्तरा, वाटी, ब्रश, तुरटीचा खडा आणि न्हाणीघराच्या खिडकीच्या गजाला लटकणारा चामड्याचा पट्टा, हे सामान कधी हललं नाही. पाच वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. सुरुवातीला मी ट्रिमर फिरवायचो. ते तोंड फिरवायचे. चिडून नव्हे, परक्या माणसाने गालाला हात लावावा तसं आक्रसून. मग एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने खिडकीकडे बोट केलं. डॉक्टरांना विचारलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे ते म्हणाले, "करा, पण हात बसल्याशिवाय नको." बाबांचं मतही तेच होतं. महिनाभर त्यांनी मला फक्त पट्ट्यावर ठेवलं.

तुमच्यातल्या बहुतेकांनी हे काम पाहिलं नसेल, म्हणून सांगतो. आता सलूनमध्येही पट्टा दिसत नाही. एचआयव्ही आणि काविळीच्या भीतीने दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड आलं. अर्धं ब्लेड मोडून पकडीत बसवायचं, काम झालं की फेकायचं. सार्वजनिक ठिकाणी ते योग्यच आहे. आपल्या रामकुंडावर दशक्रियेला किंवा मुंडनाला बसलेल्या नाभिक बांधवांच्या हातातही आता तेच असतं. फेकायच्या ब्लेडला पट्टा लागत नाही. पट्टा लागतो तो जे ठेवायचं आहे त्याला.

पट्टा ताणून धरायचा. वस्तरा त्यावर सपाट टेकवायचा, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला लागलेल्या. मग सरकवायचा: पाठ पुढे, धार मागे. दाढी करताना धार पुढे चालते. पट्ट्यावर ती कायम मागून येते. धार पुढे घालून सरकवलात तर चामडं कापलं जाईल. टोकाला पोचलं की वस्तरा उचलायचा नाही. पाठ तशीच चामड्यावर ठेवून त्याने कूस बदलायची. धार वरून वळसा घेऊन दुसऱ्या अंगाला टेकते. मग परत यायचं. धारेवरून उलटवला की संपलं, केलेलं सगळं वाया. आधी मागच्या जाड कापडी पट्टीवर वीसेक फेरे, मग चामड्यावर पन्नासेक. पातं पट्ट्यापेक्षा लांब असेल तर फेरा थोडा तिरका न्यायचा, म्हणजे टाचेपासून टोकापर्यंत सगळ्या धारेला चामडं मिळतं.

आणि जोर? नाहीच. वस्तऱ्याचं स्वतःचं जे वजन आहे तेवढंच. शिकणाऱ्याला पहिल्यांदा हेच पटत नाही, कारण काहीतरी 'करतोय' असं वाटायला हाताला जोर हवा असतो. पण दाबलं की चामडं खाली वाकतं, धारेपाशी वर उचलून येतं, आणि धार गोल होत जाते. पट्टा ढिला सोडला तरी तेच होतं. म्हणजे पट्टा कडक आणि हात मऊ. बाबा पलंगावर पडून डोळे मिटून ऐकायचे. त्यांना दिसत नव्हतं काही, न्हाणीघर पलीकडे. आवाजावरून कळायचं. बरोबर फेऱ्याचा आवाज कोरडा, एकसारखा, किंचित चिकटल्यासारखा असतो. मी बाहेर आलो की ते एकच शब्द म्हणायचे: "ऐक."

आता इंजिनिअर म्हणून मला जे सगळ्यात भावलं ते सांगतो. पट्टा धार 'बनवत' नाही. ते काम दगडाचं. दगड पोलाद झिजवतो, नवी कड काढतो. आमचा वस्तरा वर्षातून दोनदा जुन्या नाशकातल्या एका म्हाताऱ्या नाभिक काकांकडे जातो. त्यांच्याकडे अजून दगड आहेत आणि ते वापरायची नजर आहे. पट्टा पोलाद जवळजवळ काढतच नाही. काल वापरताना अगदी सूक्ष्म प्रमाणात जी कड इकडेतिकडे कलली, तिला तो सरळ करतो. धारेवरचा ओलावा, बारीक मळ पुसतो. बस्स. पन्नास फेऱ्यांनंतर वस्तरा कालच्यापेक्षा चांगला झालेला नसतो. काल सकाळी होता तसा झालेला असतो.

पण एवढं कडक पोलाद कलतं कशाने? केसाने! 2020 च्या ऑगस्टमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एमआयटीच्या जियानलुका रोशिओली, जेम तासान आणि मोहदेसे ताहेरी-मुसवी यांचा एक शोधनिबंध आला होता. माणसाचा केस ब्लेडच्या पोलादापेक्षा साधारण 50 पट मऊ. तरी दाढीचं ब्लेड बोथट होतंच. का? रोशिओलीने स्वतःची दाढी करून ब्लेड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिली. त्यांना असं दिसलं, की केस वाकून धारेला तिरका भिडला, आणि नेमकी त्याच जागी पोलादाची आतली घडण एकसारखी नसली, तर धारेचा बारीकसा टवका उडतो. दगडाने नाही, खिळ्याने नाही. वाकणाऱ्या मऊ केसाने.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसलो होतो. आपण बोथट कशाने होतो याची माझी कल्पना फार नाटकी होती. मला वाटायचं, मोठा मोह, मोठं संकट, मोठा अन्याय, यांनी माणूस बिघडतो. खरं तर दिवसभरात मला कलवणाऱ्या गोष्टी केसाइतक्या असतात. कॉलवर कुणीतरी माझं वाक्य मध्येच तोडतं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी खोचक लिहितं. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी कुणी उलटी गाडी घालतो. आईने एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारलेला असतो. यातली एकही गोष्ट माझ्यापेक्षा कडक नाही. आणि जिथे माझी आतली घडण एकसारखी नाही, तिथे टवका उडतो. दुसऱ्याच्या तीच गोष्ट लक्षातही राहत नाही.

तर मित्राचा प्रश्न. काही वाटत नसताना केलेलं वाचन ढोंग आहे का?

ढोंग केव्हा होतं? आत एक आहे आणि समोरच्याला दुसरं दाखवायचंय, तेव्हा. पट्ट्यावर वस्तरा फिरवताना मी कुणाला काय दाखवतो? तिथे प्रेक्षक नाही. पट्ट्याला माझ्या भावनेशी देणंघेणं नाही. पन्नास फेरे मला आनंद देण्यासाठी नाहीतच. ते नंतर ज्या गालावर वस्तरा टेकणार आहे त्या गालासाठी आहेत. आपण उपासनेचा हिशोब चुकीच्या ठिकाणी मांडतो असं मला वाटतं. पंधरा मिनिटं वाचताना काय वाटलं, हे आपण मोजतो. मोजायचं असेलच तर साडेनऊ वाजता आईच्या तिसऱ्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, ते मोजावं.

पतंजलींचं सूत्र आठवा, पहिल्या पादातलं चौदावं. (चौदा आकडा आज पाठ सोडत नाही.) अभ्यास पक्का व्हायला त्यांनी तीन गोष्टी सांगितल्यात: दीर्घ काळ, खंड न पडणं आणि सत्कार, म्हणजे आदर. यात 'गोडी' नाही, 'रोमांच' नाही. आदर ही वाटण्याची गोष्ट कमी आणि करण्याची जास्त आहे. वस्तरा कोरडा पुसून ठेवणं हा आदर आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून वाचायला बसणं हा आदर आहे. मन लागणं माझ्या हातात नाही, एवढं माझ्या हातात आहे.

अजून एक गोष्ट आहे, आणि ती मला पट्ट्याशिवाय कळली नसती. एकदा रिलीजच्या रात्री अडीचपर्यंत जागून मी सकाळी पट्ट्यापाशी उभा होतो. मला वाटत होतं मी ठीक आहे. थकलोय, बाकी काही नाही. पाचसात फेरे झाले आणि माझ्याच कानाला आवाज जड लागला. जोर पडत होता. तेव्हा कळलं की मी फक्त थकलेलो नाही, मी रागावलेलो आहे. रात्री झालेला एक संवाद हातात उतरलाय. मी थांबलो, पाणी प्यालो, तोंड धुतलं, पहिल्यापासून फेरे मोजले. मग बाबांच्या गळ्याखालची कातडी ताणून वस्तरा टेकवला.

राग नाहीसा झाला असं म्हणत नाही. दुपारपर्यंत होता. पण तो चामड्यावर सापडला, गळ्यावर नव्हे. मित्राला हेच सांगावंसं वाटतं: तुला "मन स्प्रिंटमध्ये असतं" हे कळलं कुठे? हरिपाठाला बसल्यावरच ना? बाकी दिवसभर ते तिथेच असतं, पण तेव्हा कळत नाही. ज्या तीन महिन्यांना तू कोरडे म्हणतोस, त्यांत तू रोज सकाळी स्वतःचा आवाज ऐकलास. तो जड होता, ही बातमी आहे. ती बातमी देणारी जागाच बंद करायची का?

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर चिंतन छान गुळगुळीत झालं असतं. पण एक गोष्ट टोचते आणि ती टाळणं बरोबर नाही.

पट्टा धार देतो. धार कुठे लावायची, हे पट्टा सांगत नाही. आपल्याच महाराष्ट्रात, पाठांतर अचूक असलेल्या, नित्यनेम कधी न चुकलेल्या माणसांच्या घरांत, शास्त्राचा हवाला देऊन कोवळ्या विधवा मुलींचं केशवपन होत होतं. त्या कामासाठी येणारा वस्तराही चांगला परजलेलाच असणार. 1890 साली मुंबईत सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं ठरवलं. ज्यांची कमाई त्या वस्तऱ्यावर होती त्यांनी तो खाली ठेवला. पोथ्या ज्यांना मुखोद्गत होत्या त्यांच्यापैकी फार थोड्यांनी तेवढं धाडस केलं. हा इतिहास वाचताना मला माझ्या रोजच्या वाचनाचा अभिमान वाटेनासा होतो, आणि ते चांगलंच आहे.

रोज वाचणाऱ्या माणसाची जीभ तयार होते. श्लोक आठवतो, दाखला सुचतो, वादात समोरच्याला दोन वाक्यांत गप्प करता येतं. हीसुद्धा धारच. इंटरनेटवर आपल्यासारख्या तरुण भक्तांमध्ये ती भरपूर दिसते, आणि ती बरेचदा ज्याच्यावर चालते तो मुळात भांडायला आलेलाच नसतो. कठोपनिषद या बाबतीत सावध आहे. वस्तऱ्याच्या मंत्राच्या आधी दोनच मंत्र, बाराव्यात, आत्मा दिसतो तो एकाग्र आणि सूक्ष्म बुद्धीला, असं सांगितलंय. आणि तो आत्मा सगळ्या भूतांमध्ये लपलेला आहे, हेही त्याच मंत्रात आहे. दोन्ही एकत्र वाचायला हवेत. सूक्ष्म बुद्धी ही समोरच्यात लपलेलं ते पाहण्यासाठी आहे. त्याला कापण्यासाठी नाही. समोरच्यात ते दिसत नसेल तर धार कितीही चांगली असो, ती उपनिषदातली धार नव्हे.

सेना महाराजांचा हजामतीवरचा प्रसिद्ध अभंग तुम्ही ऐकला असेल. स्वतःच्या धंद्यातली एकेक गोष्ट घेऊन त्यांनी परमार्थ सांगितलाय. त्यात मला एक क्रम महत्त्वाचा वाटतो. धोकटीतून पहिल्यांदा बाहेर येतो तो आरसा, आणि त्या आरशाला ते विवेक म्हणतात. चिमटा, पाणी, नखं, सगळं नंतर. आणि शेवटी चारही वर्णांना हात दिल्याचं येतं. कुणाच्या डोईला हात लावायचा आणि कुणाच्या नाही, असा भेद त्या हाताने ठेवला नाही.

त्यांची गोष्ट महिपतींनी 1762 साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त आहे. उत्तरेत ती बांधवगडच्या राजाची म्हणून सांगतात. गुरु ग्रंथसाहिबातही सेनाजींचं एक पद धनासरी रागात आहे, म्हणजे हा माणूस किती दूरवर पोचला होता पाहा. राजाकडून बोलावणं आलं. सेना पूजेत होते, उठले नाहीत. पुन्हा बोलावणं, राजा संतापला. तेव्हा पांडुरंगाने सेनाचं रूप घेतलं, त्यांची धोकटी काखेला मारली आणि राजवाड्यात जाऊन राजाची हजामत केली. तेल लावताना राजाला वाटीतल्या तेलात चतुर्भुज रूप दिसलं.

कीर्तनात या गोष्टीचा अर्थ बहुधा असा लावतात, की पूजा मोठी, चाकरी लहान. भक्त पूजेत राहिला, देवाने चाकरी सांभाळली. मला वेगळं दिसतं. देवाला राजाचा राग नुसत्या इच्छेने शांत करता आला असता. त्याने तसं केलं नाही. धोकटी घेऊन गेला, बसला, दुसऱ्याच्या दाढीला हात लावला. जे काम सेना रोज करत होते तेच, तसंच. चाकरी लहान असती तर देवाने ती स्वतः करायचं कारण नव्हतं.

आणि एक बारीक गोष्ट, जी महिपतींनी सांगितलेली नाही, माझ्या मनात येते. देवाने ती धोकटी उचलली तेव्हा आतला वस्तरा तयार होता. सेना महाराजांना काय माहीत, आज हा कुणाच्या हातात जाणार आहे? त्यांनी आदल्या दिवशी काम संपल्यावर तो पुसला असेल, सकाळी पट्ट्यावर फिरवला असेल, रोजच्यासारखा. त्या वेळी त्यांना काही विशेष वाटलं असेल का? बहुधा नाही. गिऱ्हाइकं यायची होती, घरात पीठ संपलं असेल, मन भलतीकडे असेल. फेरे मात्र झाले होते.

बाबांचं बोलणं आता बरंच परत आलंय. उजवा हात तेवढा नाही. आज सकाळी दाढी झाल्यावर मी त्यांना सेना महाराजांची पुण्यतिथी असल्याचं सांगितलं, तर म्हणाले, "मग आज वस्तऱ्याला फूल वाहा." खिडकीतल्या कुंडीतलं जास्वंद वाहिलं. तुरटीचा खडा संपत आलाय, संध्याकाळी रविवार कारंजावरून आणायचा आहे.

उद्या पंधरावा मंत्र. शब्द नसलेल्या, स्पर्श नसलेल्या तत्त्वाबद्दलचा आहे. छोटा आहे, पण सकाळी आंघोळीनंतर वाचा, घाईत नको.

जय हरी.